होम स्टडीच्या दिवशी तिच्या साड्या कुठे ठेवू?

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, मतलब तेवढा ठेवलाय.)

"मी ३४ वर्षांची, जळगावात एका शाळेत शिकवते. माझी पार्टनर ३६ ची, नर्स आहे. नऊ वर्षं एकत्र राहतोय. बिल्डिंगमधे सगळ्यांना आम्ही मैत्रिणी, भाडं वाटून घेणाऱ्या. आता दोघींना मूल हवंय. मी म्हणते मी सिंगल म्हणून दत्तकचा फॉर्म भरते, होम स्टडीच्या (दत्तकआधी घर बघायला येतात त्या) दिवशी तिच्या साड्या, तिचं कपाट एका मैत्रिणीकडे हलवू, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. ती म्हणते असं चोरून नको, आपण बाहेर जाऊ, बाहेर सगळीकडे चालतं, नर्सला व्हिसा मिळतो. त्यात या श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेले (अमळनेरकडचं गाव आहे) तर काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'तुले काय कमी शे माय, एखादं पोर लई ले ना!' रात्री भाऊ बाजूला घेऊन म्हणाला माझी धाकटी घे, तिसरीच मुलगी आहे, घरातली घरात राहील. ती चार वर्षांची आहे, माझा खूप जीव आहे तिच्यावर. भावाला आमचं माहीत नाही, वहिनीला बहुतेक अंदाज आहे. काय करू? की कायदा बदलायची वाट बघत बसू?"

ताई, तुमचं 'एक दिवसाचा तर प्रश्न आहे' हे वाक्य मला काही केल्या पटेना, म्हणून आधी तेच घेते.

होम स्टडीला सोशल वर्कर येते ती नुसतं घर बघून चहा पिऊन जात नाही. तुमची तब्येत, पगार, घरात कोण कोण असतं, तुम्ही शाळेत गेल्यावर मूल कोणाकडे राहणार, आजारी पडलात तर कोण बघणार, हे सगळं विचारते, ओळखीच्या माणसांशी बोलते. आणि मूल घरी आल्यावरसुद्धा दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो. म्हणजे साड्या दोन वर्षं ये-जा करणार. आणि तोपर्यंत मूल बोलायला लागलेलं असणार, पाहुण्या बाईंना तेच सांगणार की माझी अजून एक आई आहे, ती आज मावशीकडे गेलीय. मग त्याला काय शिकवणार, की हे बोलायचं नसतं? नोंदणीत खोटी माहिती सापडली तर ती रद्द होऊ शकते ते वेगळंच. मला जास्त काळजी त्या शिकवण्याची वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते एकदा नीट बघू कारण व्हॉट्सॲपवर अर्धवटच फिरतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ५७, एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येतं. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी काहीही, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीत लिहिलंय की जोडप्याला मूल द्यायचं तर त्यांचं लग्न किमान दोन वर्षं नीट टिकलेलं हवं. आपल्याकडे दोन बायकांचं लग्नच होत नाही त्यामुळे जोडपं म्हणून तो दरवाजा बंद. आणि ज्यावर तुमचा सगळा प्लॅन उभा आहे तिथेच गोम आहे, कारण 'कारा'ने (दत्तकचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) १६ जून २०२२ ला परिपत्रक काढलं की लग्नाशिवाय पार्टनरसोबत राहणाऱ्यांनी सिंगल म्हणून अर्ज केला तर तो चालणार नाही. म्हणजे खरं सांगितलं तर आज बहुतेक 'नाही' असंच उत्तर येणार. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

सुप्रीम कोर्टात हे गेलं होतं. १७ ऑक्टोबर २०२३, समलिंगी लग्नाची सुप्रियो केस, पाच न्यायाधीश. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जण एकमत. दत्तकच्या मुद्द्यावर मात्र तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल म्हणाले हा नियम आणि ते परिपत्रक भेदभाव करणारं आहे, बाकी तिघांनी नियम तसाच ठेवला. जानेवारी २०२५ मधे पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. गंमत बघा, त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ मधे संसदेच्या एका समितीने स्वतःहून सुचवलं होतं की दत्तकचा एकच कायदा करा आणि त्यात एलजीबीटी लोकांनाही घ्या. म्हणजे हा विचार दिल्लीत कुणाच्या डोक्यात आलाच नाही असं नाही. आलाय, कागदावर पडून आहे. म्हणून वाट बघायची तर बघा पण आयुष्य थांबवून नको.

आता तुमच्या पार्टनरचं, 'बाहेर सगळीकडे चालतं'. सगळीकडे नाही हो. जगातल्या दोनशेच्या आसपास देशांपैकी जेमतेम चाळीसेक देशांत समलिंगी जोडप्याला दोघांच्या नावाने मूल दत्तक घेता येतं, आणि तेही एका झटक्यात कुठेच झालेलं नाही. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ ला लग्न आणि दत्तक दोन्ही एकदम उघडलं, पण सुरुवातीला फक्त तिथल्याच मुलांसाठी, परदेशातलं मूल जोडपं म्हणून आणायची मुभा नंतर आली. डेन्मार्कने १९८९ मधे जगात पहिल्यांदा अशा जोडप्यांची नोंदणी केली पण दोघांनी मिळून दत्तक घ्यायचा हक्क द्यायला २०१० उजाडलं. पोर्तुगालने २०१० मधे लग्नाला हो म्हटलं आणि त्याच कायद्यात दत्तकला नाही म्हटलं, ते २०१६ मधे सुटलं. दक्षिण आफ्रिकेत उलटं, तिथल्या घटना कोर्टाने २००२ मधे आधी दत्तकला परवानगी दिली आणि लग्न आलं २००६ मधे. आपल्या आशियात तैवानने २०१९ मधे लग्न दिलं, दोघींनी मिळून तिसऱ्याच कुणाचं मूल घेणं मात्र २०२३ मधे जमलं. थायलंडमधे २३ जानेवारी २०२५ पासून दोन्ही आहे. आणि मागे जाणारेही आहेत. हंगेरीने २०२० च्या शेवटी असा कायदा केला की दत्तक म्हणजे लग्न झालेलं जोडपंच, एकट्याला हवं असेल तर मंत्र्याची खास परवानगी. रशिया तर २०१३ पासून ज्या देशात असं लग्न चालतं तिथल्या समलिंगी जोडप्यांना आणि एकट्यांनाही आपली मुलं देत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की लग्न आणि मूल या दोन गोष्टी तुमच्या डोक्यात एकाच गाठीत बांधल्यात, जगात बऱ्याच ठिकाणी त्या वेगवेगळ्या सुटल्यात, कधी ही आधी कधी ती.

समजा गेलात बाहेर. नर्सचं काम मिळेल असा इंग्लंड धरू. तिथे २००५ च्या शेवटापासून जोडप्यांना, लग्न झालेलं असो नसो, दोन बायका असो दोन पुरुष, दत्तक घेता येतं. पण कोर्टात जायला तिथे निदान एक वर्ष तुमचं राहणं पक्कं हवं, व्हिसाची मुदत आणि तुमचं तिथे टिकणं हे दत्तक संस्था बघणारच. आणि तिथे वाट बघणारी मुलं बहुतेक सरकारने आईबापांकडून काढून घेतलेली, थोडी मोठी, काही जण भावंडांसकट. पाळण्यातलं बाळ हातात येईल असं चित्र असेल तर ते पुसून टाका. इथलं मूल तिकडे बसून जोडपं म्हणून घेऊ म्हणाल तर तेही नाही, कारण मूल भारतातलं असेल तर भारताचा नियम लागतो. आणि पाच-सहा वर्षांनी आईवडील थकले म्हणून जळगावला परत यायचं ठरलं तर तिथल्या कागदावरच्या दोन आया इथे दोन आया म्हणूनच धरल्या जातील असं गृहीत धरू नका. परदेशी जायचंच असेल तर तुमच्या नोकरीसाठी, मोकळेपणासाठी, आवडतं म्हणून जा. फक्त मुलासाठी म्हणून जाऊ नका, ते ओझं मुलावर पडतं.

एक फ्रान्सची केस मात्र मुद्दाम सांगते कारण ती बाई जवळपास तुम्हीच आहात. बालवाडीची शिक्षिका, १९९० पासून एका बाईसोबत राहणारी. फ्रान्समधे तेव्हा एकट्या व्यक्तीला दत्तक घेता यायचं, तिने १९९८ मधे एकटी म्हणून अर्ज केला आणि पार्टनरबद्दल लपवलं नाही. अधिकाऱ्यांनी लिहिलं की घरात वडिलांसारखं कोणी नाही, शिवाय पार्टनरला या मुलात फारसा रस दिसत नाही. नकार. ती लढत राहिली, युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने जानेवारी २००८ मधे १० विरुद्ध ७ असा निकाल दिला की हा भेदभाव आहे. त्यानंतरही तिथल्या खात्याने परत नकार दिला, शेवटी २००९ च्या अखेरीस कोर्टाच्या आदेशाने मंजुरी मिळाली. अकरा वर्षं. हे वाचून तुम्हाला हुरूप येईल की धडकी भरेल ते सांगता येत नाही, पण त्या अहवालातला पार्टनरबद्दलचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. तुमच्या आख्ख्या पत्रात तुमच्या पार्टनरला किती मूल हवंय याबद्दल एकच शब्द आहे, 'दोघींना'. ती नाइट ड्युटी करते, मूल आलं तर ड्युटी बदलून मिळेल का, मुलाने तिला काय हाक मारायची, तुमचं दोघींचं बिनसलं तर मूल कोणाकडे, हे बोललात का एकदा तरी? आधी ते बोला.

आता भावाचं. हा रस्ता तुम्ही शेवटी लिहिलाय पण कायद्याने आज सगळ्यात उघडा तोच आहे. तुम्ही हिंदू असाल (कानबाई आहे म्हणजे असालच) तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली लग्न न झालेल्या सज्ञान बाईला दत्तक घेता येतं. मूल १५ वर्षांच्या आतलं हवं, त्याच्या आईची आणि वडिलांची दोघांची संमती हवी, प्रत्यक्ष देणं-घेणं व्हायला हवं. दत्तक पत्र रजिस्टर करून घ्या, म्हणजे पुढे कुणी उलटलं तर कागद तुमच्या बाजूने. यात 'कारा' येत नाही, होम स्टडी येत नाही, कपाट हलवावं लागत नाही. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, तो गुन्हा आहे. आणि एकदा झालं की रद्द होत नाही, भावाला पाच वर्षांनी वाटलं परत द्या तर तसं नाही. तुम्हा दोघींच्या नावाने मात्र होत नाही. एकाच मुलाला दोन जणी एकदम दत्तक घेऊ शकत नाहीत, कागदावर आई एकच.

पण थांबा. 'तिसरीच मुलगी आहे' आणि 'घरातली घरात राहील', भावाची ही दोन वाक्यं परत वाचा. पहिल्यात ती पोरगी त्याला जड झालीय. आणि दुसऱ्यात काय आहे ते गावाकडचं कोणीही ओळखेल. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तुमचा मुलासारखाच वाटा आहे, तुम्ही अजून हक्कसोडवर सही केली नसेल तर सातबाऱ्यावर तुमचं नाव आज ना उद्या लागणार, आणि तुमची वारस त्याचीच मुलगी झाली तर वावर बाहेर जात नाही. भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही, प्रेमापोटीही म्हणाला असेल. माणसाच्या मनात दोन्ही एकदम असतं. फक्त सहीच्या आधी जमिनीचं बोलणं वेगळं आणि पोरीचं बोलणं वेगळं करून घ्या, दत्तक पत्र आणि हक्कसोड एकाच दिवशी एकाच वकिलाकडे होणार असेल तर उठून या.

आणि वहिनी. कायद्याला तिची संमती लागते ती सहीपुरती, तुम्हाला ती मनापासून हवी. तीन मुली झाल्या म्हणून तिला काय काय ऐकावं लागत असेल ते आपण बायकांनी वेगळं सांगायला नको. नवऱ्याने ठरवलं आणि तिने मान हलवली अशी संमती घेऊ नका. चार वर्षांच्या मुलीला आई कळते, बहिणी कळतात, आपल्याला एकटीलाच दिलं हेही कळतं. आणि भावाला तुमचं माहीत नाही ही सगळ्यात कच्ची जागा आहे. मुलगी तुमच्या घरी राहायला लागल्यावर त्याला कळणारच, तेव्हा तो काय करेल? दत्तक रद्द करता येणार नाही, पण गावात तमाशा करता येतो आणि त्यात पोरगी मधे सापडते. त्याला आधी सांगायची हिंमत होत नसेल तर मुलगी घेऊ नका, इतकं सरळ आहे माझं मत.

एक रस्ता तुम्ही लिहिलाच नाही. तुमच्यातल्या एकीनेच मूल जन्माला घालायचं. २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यात २१ ते ५० वयाच्या बाईला, लग्न झालेलं नसलं तरी, स्पर्म बँकेतून डोनरचं वीर्य घेऊन उपचार करून घेता येतात. सरोगसी नाही हं, तिथे एकट्या बाईत फक्त विधवा किंवा घटस्फोटित चालते. मूल झालं तर वडिलांच्या नावावाचून अडत नाही, २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लग्न न झालेल्या आईने वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही, जन्मदाखला तिच्या प्रतिज्ञापत्रावर मिळतो. यात होम स्टडीही नाही, भाऊही नाही. आहे ते पोट. नऊ महिने शाळेत, स्टाफरूममधे, बिल्डिंगच्या लिफ्टमधे दिसणारं पोट. दत्तक घेतलं तर लोक 'पुण्य केलं' म्हणतात, याला काय म्हणतील तुम्हाला माहीत आहे. काही जणी या काळात नाशिक-पुण्याला बदली करून घेतात. तुम्हाला हे नको असेल, शरीराची किंवा मनाची काही कारणं असतील, पण निदान विचार करून नको म्हणा.

आणि घाई कशाची आहे हेही विचारते. 'कारा'कडे एकट्या व्यक्तीला दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी वयाची अट ४० आहे, दोन ते चारसाठी ४५, चार ते आठसाठी ५०, त्यापुढे ५५. तुम्ही ३४ च्या आहात. लहान बाळासाठी आज नोंदणी केली तरी नंबर यायला तीनेक वर्षं सहज जातात हे खरं, पण मोठ्या मुलांसाठी रांग तेवढी लांब नाही. परिपत्रकाला परत कोर्टात आव्हान मिळू शकतं, नियम उद्या बदलू शकतो, संसदेच्या समितीची शिफारस तर आहेच. वर्षभर दोघींनी नुसतं बोलण्यात घालवलं तरी काही बुडत नाही.

या वर्षात एक काम मात्र कराच, मूल येवो न येवो. समजा मूल आलं, कागदावर आई तुम्ही, आणि उद्या भुसावळ रोडला गाडी घसरली आणि तुम्ही गेलात. मूल कोणाकडे जाईल? पार्टनर कायद्यासाठी परकी. कोर्ट मुलाचं हित बघतं म्हणतात पण कोर्टात पहिले उभे राहतील तुमचे भाऊबंद. म्हणून मृत्युपत्र करा, त्यात मुलाची पालक म्हणून तिचं नाव आणि का ते दोन ओळीत लिहा. कोर्टावर ते शंभर टक्के बंधनकारक नसेलही, तरी तुमच्या हाताने लिहिलेला कागद असणं आणि काहीच नसणं यात खूप फरक पडतो. बँकेत जॉइंट खातं उघडा, नॉमिनी एकमेकींना करा. ऑगस्ट २०२४ मधे केंद्र सरकारने लेखी सांगितलंय की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि नॉमिनी करायला काही बंदी नाही, त्याच सुमारास रेशन कार्डासाठीही एक घर धरा म्हणून राज्यांना कळवलंय. बँकेतला कारकून नाक मुरडेल, मुरडू द्या. शाळेच्या फॉर्मवर घेऊन जाणारी व्यक्ती म्हणून तिचं नाव पहिल्या दिवसापासून, दवाखान्यात नातं विचारलं तर तुमचं सहीचं संमतीपत्र तिच्या पर्समधे.

दोन पुरुष मित्र हे वाचत असतील तर तुमचं अजून अवघड आहे, 'कारा'तून एकट्याला मुलगाच मिळतो, सरोगसी नाही, डोनरचा रस्ता तुमच्यासाठी नाही. नात्यातलं दत्तक तुम्हालाही उघडं आहे, मुलगी असेल तर तुमच्यात आणि तिच्यात २१ वर्षांचं अंतर हवं. बाकी मृत्युपत्र आणि बँकेचं तुम्हालाही तसंच लागू.

मी वकील नाही. सही करण्याआधी कुटुंबाच्या केसेस बघणारी वकील गाठा, शक्यतो गावाशी संबंध नसलेली, नाहीतर तुम्ही ऑफिसातून उतरायच्या आत अमळनेरला कळलेलं असेल. पण वकिलाच्याही आधी वहिनीला फोन करा, तिला अंदाज आहेच म्हणता. दोन दिवस जळगावला बोलवा, मुलींना घेऊन, तुमच्या घरी, कपाटं जिथल्या तिथे ठेवून. आणि ती आली की लगेच दत्तकचा विषय काढू नका, तिला काढू द्या.